बेलेंचे हत्ती

ऑगस्ट 1521. स्पेनमधल्या तोर्देसियास गावातून चौदा वर्षांच्या एका मुलीने आपल्या मोठ्या भावाला पत्र लिहिलं. भाऊ म्हणजे स्पेनचा राजा आणि पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट, पाचवा कार्लोस. त्याच महिन्यात समुद्रापलीकडे हेर्नान कोर्तेस त्याच्या नावाने मेक्सिकोची राजधानी जिंकत होता. बहिणीला मात्र आपलं पत्र चोरून बाहेर पाठवावं लागलं. वाड्याचा कारभारी असलेला देनियाचा मार्क्विस, त्याची बायको आणि त्याच्या मुली आपल्याला कोणाशी बोलू देत नाहीत, कोणाला लिहू देत नाहीत, आपल्या वस्तूसुद्धा काढून घेतात, अशी तक्रार त्या पत्रात आहे.

पण त्यातली सगळ्यांत कासावीस विनवणी आईसाठी आहे. आईला नदीकडच्या सज्जात फिरू द्या. मोठ्या दालनात जाऊ द्या. उजेड नसलेल्या खोलीत तिला कोंडू नका.

या मुलीचं नाव कातारिना. पुढे चार वर्षांनी ती पोर्तुगालची राणी होऊन लिस्बनला गेली, 1578 साली तिथेच वारली, आणि मधल्या काळात पाच वर्षं पोर्तुगालचं सगळं साम्राज्य, म्हणजे आपला गोवा, वसई, चौल आणि दीवसुद्धा, तिच्या हुकमाखाली होतं. पोर्तुगालची कातारिना म्हटलं की मराठी वाचकाला आठवते ती ब्रागांझा घराण्यातली, जिच्या 1661 सालच्या लग्नकरारात मुंबई इंग्रजांना आंदण गेली. ही तिच्या शंभर वर्षं आधीची. इतिहासाच्या पुस्तकांत ती बहुतेक वेळा कोणाची तरी कोण म्हणून येते: वेड्या हुआनाची धाकटी लेक, पाचव्या कार्लोसची बहीण, युद्धात हरवलेल्या सेबास्तियांव राजाची आजी. तिची स्वतःची गोष्ट सलग वाचली की जीव गलबलतो. आणि ती गोव्यापर्यंत येऊन पोहोचते तेव्हा ते गलबलणं बाजूला ठेवून काही कडू गोष्टीही वाचाव्या लागतात.

०

कातारिना जन्मली तीच बाप गेल्यावर. तिचा बाप फिलिप, ज्याला लोक ‘देखणा’ म्हणत, सप्टेंबर 1506 मध्ये बुर्गोसला अचानक वारला. आई हुआना कास्तीलची राणी होती, सव्वीस वर्षांची आणि पोटुशी. नवऱ्याची शवपेटी घेऊन ती ग्रानादाच्या वाटेला लागली. तोर्केमादा गावात तिला कळा आल्या आणि 14 जानेवारी 1507 ला तिथेच कातारिना झाली. दोन वर्षांनी हुआनाच्या वडिलांनी, फेर्नांदो राजाने, तिला तोर्देसियासच्या वाड्यात ठेवलं. राज्य तिच्या नावाचं राहिलं, कारभार मात्र बापाच्या हाती गेला. बाप वारल्यावर तो मुलाकडे गेला. हुआना तिथून पुन्हा मोकळी झाली नाही. 1555 साली वारली तेव्हा त्या वाड्यात तिची सेहेचाळीस वर्षं झाली होती.

ती खरोखर वेडी होती का, यावर इतिहासकार आजही भांडतात. तिला उदासीचे झटके येत, ती अन्नपाणी सोडून बसे, याचे दाखले आहेत. पण तिचं वेडेपण आधी नवऱ्याला, मग बापाला आणि शेवटी मुलाला अतिशय सोयीचं पडलं, हेही तितकंच खरं. राणी शहाणी ठरली असती तर यांतल्या एकालाही कास्तीलवर राज्य करता आलं नसतं.

या आईजवळ फक्त एक मूल राहू दिलं होतं, ते म्हणजे कातारिना. तिची खोली आईच्या खोलीच्या आत होती. आईच्या खोलीतून गेल्याशिवाय तिथे जाता-येता येत नसे. 1517 साली कार्लोस आणि थोरली बहीण लेओनोर पहिल्यांदा तिथे आले तेव्हा त्यांच्याबरोबरच्या लोकांनी एक दहा वर्षांची मुलगी पाहिली. अंगावर खेड्यातल्या पोरीसारखे साधे कपडे, करमणूक म्हणजे एक खिडकी. खाली गावातली मुलं खेळायला यावीत म्हणून ती खिडकीतून नाणी टाकायची. जगातल्या सर्वांत श्रीमंत घराण्यातली मुलगी सवंगड्यांचा खेळ असा विकत घेत होती, आणि तोही वरून नुसता पाहायला.

कार्लोसला ते बघवलं नाही. मार्च 1518 मध्ये त्याच्या माणसांनी एका रात्री वाड्याच्या भिंतीला, लटकवलेल्या पडद्याआड, भोक पाडलं आणि कातारिनाला बाहेर काढून वायादोलिदला नेलं. तिथे तिला चांगले कपडे मिळाले, माणसं मिळाली, नाच पाहायला मिळाला. इकडे हुआनाला खोली रिकामी दिसली. मुलगी परत येईपर्यंत तिने अन्नपाणी वर्ज्य केलं. काही दिवसांतच कातारिनाला तोर्देसियासला परत पाठवावं लागलं. तिच्या दिमतीला थोडी जास्त माणसं आली, बाहेर फेरफटका मारायची मुभा मिळाली. पण दार तेच, आईच्या खोलीतून जाणारं.

या गावाचं नाव आपल्या इतिहासात आणखी एका कारणाने येतं. 1494 साली इथेच स्पेन आणि पोर्तुगाल यांनी केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला 370 लीगांवर एक रेषा कल्पून नवं जग वाटून घेतलं. रेषेच्या पूर्वेचं पोर्तुगालचं, पश्चिमेचं स्पेनचं. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले ते या वाटणीचा हक्क सांगतच. दुएरो नदीकाठच्या ज्या गावात जगाची वाटणी झाली, त्याच गावात एका राणीला नदीकडच्या सज्जात जायलाही बंदी होती.

०

कातारिनाच्या तिन्ही बहिणी तोवर लग्नाच्या पटावर मांडून झाल्या होत्या. लेओनोर पोर्तुगालच्या वृद्ध मानुएल राजाला दिली, तो वारल्यावर फ्रान्सच्या राजाला. इसाबेल डेन्मार्कला गेली, तिथे नवऱ्याचं राज्य गेलं आणि 1526 साली ती विजनवासात वारली. मारिया हंगेरीला गेली. तिचा नवरा त्याच 1526 साली मोहाचच्या लढाईत तुर्कांशी लढताना मेला. चार बहिणी, चार राण्या. त्यांतल्या एकीलाही कोणी विचारलं नव्हतं.

कातारिनाचं लग्न ठरलं ते आपल्याकडे ज्याला साटंलोटं म्हणतात तसं. ती पोर्तुगालच्या तिसऱ्या जुआंव राजाला आणि जुआंवची बहीण इसाबेल कार्लोसला. जुआंव आणि कातारिना सख्खी मावस भावंडं. त्यांच्या आया, मारिया आणि हुआना, फेर्नांदो आणि इसाबेल या कॅथलिक राजाराणीच्या मुली. शिवाय जुआंवची सावत्र आई म्हणजे कातारिनाचीच थोरली बहीण लेओनोर. अशा लग्नांना पोपची खास परवानगी लागे आणि या घराण्यांना ती मिळत असे.

जानेवारी 1525 मध्ये अठरा वर्षांची कातारिना तोर्देसियासहून निघाली. आई पंचेचाळीस वर्षांची होती. त्यानंतर तीस वर्षं हुआना जगली, पण मायलेकींची पुन्हा भेट झाली नाही. ज्या मुलीने आईला सज्जात फिरू द्या म्हणून सम्राटाला विनवलं होतं, ती निघाली तेव्हा आईची बाजू घेणारं वाड्यात कोणी उरलं नाही.

लिस्बन तेव्हा युरोपातलं सगळ्यांत अजब शहर होतं. राजवाडाच तेजो नदीच्या धक्क्यावर होता, आणि त्याला लागून ‘कासा दा इंदिया’, म्हणजे भारताच्या व्यापाराची कचेरी. कोचीहून आणि गोव्याहून आलेली जहाजं राणीच्या खिडकीखाली मिरी, दालचिनी, कापड, चिनी मातीची भांडी उतरवत. लहानपणी खिडकीतून नाणी टाकणाऱ्या मुलीला आता अशी खिडकी मिळाली होती, जिच्याखाली अर्धं जग येऊन थांबत होतं.

ती वस्तू जमवू लागली. गुजरातेतल्या शिंपल्याच्या पेट्या, श्रीलंकेतले हस्तिदंती पंखे, चिनी भांडी, गेंड्याची शिंगं, हिरेमाणकं. गोव्यातली माणसं तिच्यासाठी खरेदी करून लिस्बनला पाठवत. तिच्या काळात स्पेन-पोर्तुगालमध्ये कोणा राणीकडे आशियाई वस्तूंचा एवढा संग्रह नव्हता, असं आज तिच्या याद्या अभ्यासणारे सांगतात. त्यातलं बरंचसं ती वाटूनही टाकी. माद्रिद, ब्रसेल्स, व्हिएन्ना, जिथे जिथे भाचेभाच्या होत्या तिथे आत्याकडून भेटी जात. तिच्या घरात गुलामही होते, आफ्रिकेतले तसेच भारतातले, आणि इतर भेटींसारखे तेही नातेवाइकांना पाठवले जात. तिच्या रसिकतेचं कौतुक करताना हे विसरलं जातं.

जुआंवच्या दरबारात आलेल्या किंवा तिथून गेलेल्या दोन भेटींचे अवशेष आजही पाहता येतात. 1540च्या सुमारास श्रीलंकेतल्या कोट्टे राज्याचा राजा सातवा भुवनेकबाहू आपल्या नातवाला, धर्मपालाला, वारस म्हणून मान्यता मिळावी या खटपटीत होता. त्याने लिस्बनला वकील पाठवला आणि त्याच्याबरोबर नातवाची सोन्याची मूर्ती. जुआंव राजाने त्या मूर्तीच्या डोक्यावर मुकुट ठेवला. तो प्रसंग सिंहली कारागिरांनी हस्तिदंती पेटीवर कोरला आणि ती पेटी आज म्युनिकच्या राजखजिन्यात आहे.

दुसरी भेट चालत गेली. कातारिनाचा भाचा माक्सिमिलियन आणि त्याची बायको 1551 साली स्पेनहून व्हिएन्नाला परत निघाले तेव्हा लिस्बनच्या दरबाराकडून त्यांना एक आशियाई हत्ती मिळाला. व्हिएन्नाला वेढा घालणाऱ्या तुर्की सुलतानावरून त्याचं नाव ठेवलं सुलेमान. तो जहाजाने जिनोआला गेला, तिथून पायी आल्प्सचा ब्रेनर घाट ओलांडला आणि मार्च 1552 मध्ये व्हिएन्नात शिरला. वाटेतल्या कितीतरी खाणावळींनी त्याच्या आठवणीने हत्तीचं नाव लावलं. ती थंडी त्याला फार काळ सोसवली नाही. 1553 च्या अखेरीस तो मेला. त्याच्या हाडांची केलेली एक खुर्ची ऑस्ट्रियातल्या क्रेम्समुन्स्टरच्या मठात आहे. पोर्तुगीज कादंबरीकार जुझे सारामागू यांनी या हत्तीच्या प्रवासावर 2008 साली कादंबरी लिहिली.

०

या सगळ्या वैभवाच्या मागे, अगदी लगतच्या खोल्यांत, मुलं मरत होती.

1526 ते 1539 या काळात कातारिनाला नऊ मुलं झाली. 1537 च्या पहिल्या चार महिन्यांत दोन मुलगे गेले आणि जूनमध्ये नवा मुलगा जन्मला. 1540 उजाडता उजाडता नऊंपैकी सात मुलं जमिनीखाली होती. उरली दोन: मारिया मानुएला आणि जुआंव मानुएल.

पुन्हा साटंलोटं. मारिया मानुएला दिली कार्लोसच्या मुलाला, फिलिपला. मराठीत हे नातं एका दमात सांगता येतं: ती त्याच्या आत्याची मुलगी होती आणि मामाचीही. 1543 साली सालामांकाला लग्न झालं तेव्हा दोघं सोळा वर्षांची होती. जुलै 1545 मध्ये मुलाला, डॉन कार्लोसला, जन्म देऊन चौथ्या दिवशी ती वारली. पुढे याच डॉन कार्लोसला बापाने 1568 साली त्याच्याच खोलीत कोंडलं आणि काही महिन्यांत तो तिथे मेला. पणजीची गोष्ट अशी पणतवापर्यंत आली.

जुआंव मानुएलचं लग्न फिलिपच्या बहिणीशी, दुसऱ्या एका हुआनाशी झालं. नातं तेच, दुपदरी. 2 जानेवारी 1554 ला सोळा वर्षांचा जुआंव मानुएल वारला. सून पूर्ण दिवसांची गरोदर होती. अठरा दिवसांनी, संत सेबास्तियनच्या सणाला, मुलगा झाला. बाप गेल्यावर जन्मलेलं मूल, अगदी आजीसारखं. मे महिन्यात हुआनाला स्पेनचा कारभार पाहायला माहेरी बोलावून घेतलं. ती तान्ह्या सेबास्तियांवला सोडून गेली आणि तिने त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही. नातू आजीच्या मांडीवर राहिला.

पुढच्या वर्षी तोर्देसियासला आई गेली. जून 1557 मध्ये नवराही गेला. कातारिना पन्नास वर्षांची होती, राजा तीन वर्षांचा होता, आणि राज्य ब्राझीलपासून मलाक्क्यापर्यंत पसरलेलं होतं.

०

1557 ते 1562 ती राज्यपालक होती. कास्तीलची बाई म्हणून पोर्तुगीज सरदारांना तिचा भरवसा नव्हता. तिचा भाऊ आणि भाचा दोघंही शेजारच्या बलाढ्य राज्यात असल्यामुळे तो संशय कधी मिटला नाही. पण ती दुबळी नव्हती. नवरा असतानाही ती राजसभेत बसत असे. 1562 साली मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या माझागांवला वेढा पडला तेव्हा तिने तातडीने कुमक धाडली आणि किल्ला वाचला.

गोव्यासाठी तिने ब्रागांझाच्या ड्यूकचा भाऊ दों कोन्स्तांतिनु याला व्हाइसरॉय नेमलं. त्याने 1559 च्या सुरुवातीला दमण घेतलं. त्याच वर्षी मार्चमध्ये लिस्बनहून एक हुकूम निघाला: गोव्यातल्या ज्या हिंदू मुलांना आईबाप नाहीत, आजीआजोबा नाहीत आणि ज्यांना अजून समज आलेली नाही, ती सेंट पॉल कॉलेजात देऊन त्यांना बाप्तिस्मा द्यावा. हुकूम राजाच्या नावाने होता. राजा पाच वर्षांचा होता. प्रत्यक्षात गोव्यात त्या हुकमाचा अर्थ ताणला गेला आणि बाप वारलेली, पण आई जिवंत असलेली मुलंही त्याखाली ओढली गेली. नातेवाईक पोरक्या मुलांना लपवू लागले, सरहद्दीपलीकडे नेऊ लागले.

1560 साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षण सभा, स्थापन झाली. ती असावी अशी मागणी फ्रान्सिस झेवियरने 1546 सालीच जुआंव राजाला पत्रातून केली होती. लिस्बनमध्ये या खात्याचा प्रमुख होता कातारिनाचा दीर, कार्डिनल एन्रिक. तेव्हा सगळा दोष तिच्या एकटीच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण सर्वोच्च अधिकार तिचा होता, आणि ती श्रद्धाळू बाई या कामाला धर्मकार्यच समजत होती, यात शंका नाही. याच काळात जाफन्याच्या स्वारीत हाती लागलेला बुद्धाचा मानला जाणारा दात दों कोन्स्तांतिनुने गोव्यात जाहीरपणे नष्ट केला. त्यासाठी पेगूच्या राजाने देऊ केलेली प्रचंड रक्कम नाकारली गेली. ज्या श्रीलंकेतून राणीचे पंखे येत होते, तिथलाच तो दात.

त्याच सुमारास कुशस्थळीच्या, म्हणजे कुठ्ठाळीच्या, लोकांनी मंगेशाचं लिंग रातोरात झुआरी नदीपलीकडे नेलं. नदीपलीकडचं प्रियोळ तेव्हा आदिलशाहीत होतं. आजचं मंगेशीचं देऊळ तिथे आहे. याच प्रियोळ गावच्या अ. का. प्रियोळकरांनी 1961 साली गोव्याच्या इन्क्विझिशनवर ग्रंथ लिहिला. कागदपत्रांच्या आधारे, शांत आवाजात, चारशे वर्षांनी. एका मराठी संशोधकाचं ते काम आजही वाचताना अंगावर काटा येतो.

सभा गोव्यात आल्यावर तिची झळ हिंदूंइतकीच, किंबहुना आधी, ख्रिस्ती झालेल्या ज्यूंना लागली. वनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ 1563 साली गोव्यात छापणारा आणि मुंबई बेट खंडाने घेतलेला वैद्य गार्सिया द ओर्ता त्यांच्यापैकीच होता. तो स्वतः 1568 साली वारला म्हणून वाचला. त्याच्या बहिणीला पुढच्याच वर्षी जिवंत जाळलं. तिचंही नाव कातारिना. राणीचा कारभार तोवर संपला होता, तिने गोव्यात रुजू केलेल्या सभेचा मात्र नाही.

ज्या मुलीला आईपासून भिंत फोडून नेलं, जिची नऊही मुलं तिच्या हयातीत गेली, तिच्या काळात पोरक्या मुलांबद्दलचा तो हुकूम निघावा, याचा मेळ लावायचा प्रयत्न कितीदा केला तरी लागत नाही. कदाचित तिला त्या मुलांचा आत्मा वाचतो आहे असंच वाटलं असेल. तिच्या दुःखाची किंमत त्यामुळे कमी होत नाही, आणि मुलं हिरावलेल्या गोव्यातल्या त्या बायांच्या दुःखाचीही नाही. त्या बायांची पत्रं कोणी जपून ठेवली नाहीत, एवढाच फरक.

०

1562 च्या अखेरीस तिने राज्यपालकपद सोडलं आणि ते कार्डिनल एन्रिककडे गेलं. 1568 मध्ये चौदा वर्षांच्या सेबास्तियांवने सत्ता हाती घेतली. त्याच्या डोक्यात उत्तर आफ्रिकेतलं धर्मयुद्ध होतं. लग्नाचं नाव काढलेलं त्याला खपत नसे. आजीचं ऐकणं त्याने सोडलं होतं. ती एकदा कास्तीलला परत जायची भाषा करू लागली, पण गेली नाही.

तिने दुसरंच काम हाती घेतलं होतं. लिस्बनजवळ बेलेंला, जिथून वास्को द गामाची जहाजं निघाली होती तिथे, जेरोनिमुसचा प्रचंड मठ आहे. मानुएल राजाने बांधलेल्या त्याच्या चर्चमधली मुख्य वेदीची जागा तिने पाडून नव्याने बांधून घेतली. जेरोनिमु द रुआंव हा वास्तुकार, 1572 साली काम पुरं झालं. बाकीचं चर्च दोरखंड, शिंपले आणि वेलबुट्टीच्या कोरीवकामाने बहरलेलं आहे. ही जागा मात्र सरळ रेषांची, रंगीत संगमरवराची, थंड आहे. दोन्ही बाजूंना चार कबरी: सासरा मानुएल, सासू मारिया, नवरा जुआंव आणि ती स्वतः. प्रत्येक पेटीखाली संगमरवरी हत्ती उभे आहेत. चार मृत माणसांचा भार पाठीवर घेऊन ते साडेचारशे वर्षं तिथे थांबले आहेत.

12 फेब्रुवारी 1578 ला ती वारली. सहा महिन्यांनी, 4 ऑगस्टला, मोरोक्कोतल्या अल्कासेर किबीरच्या मैदानात सेबास्तियांवचं सैन्य कापलं गेलं आणि चोवीस वर्षांचा राजा दिसेनासा झाला. मूल नव्हतं, भाऊ नव्हता. म्हाताऱ्या एन्रिकने दीड वर्ष गादी सांभाळली. मग 1580 मध्ये पोर्तुगाल, आणि त्याबरोबर गोवा, कातारिनाच्या भाच्याच्या, म्हणजेच तिच्या एकेकाळच्या जावयाच्या, स्पेनच्या फिलिपच्या हाती गेलं.

मोरोक्कोहून आलेला एक मृतदेह फिलिपने 1582 साली बेलेंच्या त्याच चर्चमध्ये पुरवला. कातारिनाची लहानपणी गेलेली मुलंही तिथेच आहेत. राजा परत येईल या आशेवर लोक कितीतरी पिढ्या धुक्याच्या सकाळी तेजोच्या मुखाकडे पाहत राहिले, आणि कबरीवरच्या लॅटिन लेखातही ती शंका कोरून ठेवली आहे: कानी आलेलं खरं असेल तर इथे सेबास्तियांव निजला आहे.